‘महामात्र’ या शब्दाचा अर्थ : पालि साहित्य व शिलालेख यांच्या आधारे

सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे मराठी अनुवाद वाचताना ‘धम्ममहामात्र’ या शब्दापाशी वाचक हमखास अडखळतो. कोणी त्याचा अर्थ ‘धर्मगुरू’ असा करतात, कोणी ‘धर्माधिकारी’, तर कोणी ‘धर्मप्रचारक’. हे तिन्ही प्रतिशब्द परस्परांहून भिन्न असून त्यांपैकी एकही मूळ शब्दाला न्याय देत नाही. शब्दाचा अर्थ ढळला की इतिहासाचे आकलनही ढळते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ‘महामात्र’ हा शब्द, त्याचे समानार्थी शब्द आणि त्याचा प्रवास यांचा विचार करणार आहोत.

व्युत्पत्ती

संस्कृत ‘महामात्र’ व पालि ‘महामत्त’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. ‘मात्रा’ म्हणजे माप. ज्याचे माप मोठे, अर्थात ज्याचा दर्जा थोर, तो महामात्र. या शब्दाच्या घडणीत धर्माचा कोणताही अर्थ नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. तो मुळात राजसेवेतील उच्च पदाचा वाचक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही महामात्र हे राजाचे वरिष्ठ अधिकारी म्हणूनच येतात.

पालि साहित्यातील महामत्त

पालि सुत्तांत ‘राजे आणि राजमहामत्त’ अशी जोडी वारंवार आढळते. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्ताचा आरंभच मगधाचा महामत्त वस्सकार याच्या आगमनाने होतो. वज्जींवर स्वारी करू इच्छिणाऱ्या अजातशत्रूने त्याला भगवंतांकडे धाडले होते. त्याच सुत्तात सुनीध व वस्सकार हे दोघे महामत्त पाटलिगामी नगर वसविताना दिसतात. म्हणजे राजदूत, मंत्री आणि नगररचनाकार अशी अनेक कामे या एकाच पदनामाखाली येत होती.

विनयपिटकात ‘वोहारिक महामत्त’ भेटतो. हा न्यायदान करणारा अधिकारी होय. दुसऱ्या पाराजिकेच्या कथेत असाच एक निवृत्त वोहारिक महामत्त प्रव्रज्या घेऊन भिक्खू झालेला आहे. राजा बिंबिसार किती मोलाच्या चोरीसाठी कठोर शिक्षा देतो, असे भगवंतांनी त्याला विचारले. त्याने ‘एक पाद’ असे उत्तर दिले आणि त्यानुसार विनयाचा नियम निश्चित झाला. राज्याच्या कायद्याची माहिती संघाने करून घेतली. परंतु नियम केला तो भगवंतांनी, महामत्ताने नव्हे. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

अट्ठकथेत वज्जींच्या न्यायपद्धतीचे वर्णन आहे. आरोपी प्रथम ‘विनिच्छय महामत्ता’पुढे, मग वोहारिक, सुत्तधर, अट्ठकुलिक, सेनापती, उपराजा अशा क्रमाने राजापर्यंत जाई. निर्दोष ठरल्यास कोणत्याही पायरीवर त्याची सुटका होत असे. शिक्षा मात्र अखेरीस राजाच पवेणिपोत्थक पाहून देई.

समानार्थी व निकटचे शब्द

‘अमच्च’ (संस्कृत ‘अमात्य’) हा महामत्ताचा सर्वांत जवळचा शब्द. ‘अमा’ म्हणजे घरी, सोबत. राजाच्या निकट वावरणारा तो अमात्य. सातवाहनांच्या काळात हाच शब्द प्रचलित दिसतो. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा गोवर्धन येथील अमात्याला उद्देशून आहे. शिवकालीन अष्टप्रधानांत ‘अमात्य’ म्हणजे जमाखर्च पाहणारा मुजुमदार. येथे शब्दाचा अर्थ संकोचला.

अशोकाच्या लेखांतील युक्त, रज्जुक व प्रादेशिक हे शब्द महामात्राचे पर्याय नव्हेत. ती स्वतंत्र पदे आहेत. तिसऱ्या शिलालेखात या तिघांना दर पाच वर्षांनी दौरा करण्याची आज्ञा आहे. चौथ्या स्तंभलेखात लक्षावधी लोकांवर नेमलेल्या रज्जुकांची तुलना मूल सांभाळणाऱ्या कुशल दाईशी केली आहे.

अशोकाचे महामात्र

अशोकाने जुनेच पदनाम घेतले आणि त्याला नवी कामे जोडली. धौलीच्या स्वतंत्र लेखात तोसलीचे महामात्र नगरातील न्यायाधिकारी आहेत. विनाकारण कोणाला बंदिवास घडू नये, मत्सर, क्रोध, उतावीळपणा व आळस यांपासून अधिकाऱ्याने दूर राहावे, अशी ताकीद त्यांना दिली आहे. पहिल्या स्तंभलेखात सीमेवरील ‘अंतमहामात्र’, तर बाराव्या शिलालेखात स्त्रियांविषयीचे काम पाहणारे महामात्र येतात.

‘धम्ममहामात्र’ हे पद मात्र सर्वस्वी नवे होते. राज्याभिषेकाला १३ वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पू. २५५ च्या सुमारास, आपण ते निर्माण केले, असे अशोक पाचव्या शिलालेखात सांगतो. त्यांची कामे पाहावीत : सर्व पंथीयांची विचारपूस, चाकर व धनी, ब्राह्मण व गृहपती, अनाथ व वृद्ध यांचे हित, कैद्यांना साहाय्य आणि ज्याला मुलेबाळे आहेत वा जो वृद्ध आहे त्याची सुटका. त्यांचे कार्यक्षेत्र यवन, कंबोज, गांधार, राष्ट्रिक, पेतेनिक व इतर अपरांतवासी यांच्यापर्यंत होते. सातव्या स्तंभलेखानुसार काही महामात्र संघासाठी, तर काही ब्राह्मण, आजीवक व निर्ग्रंथ यांच्यासाठी नेमले होते.

यावरून तिन्ही प्रचलित अनुवादांची परीक्षा होते. धम्ममहामात्र दीक्षा वा उपदेश देणारा गुरू नव्हता. तो प्रचारकही नव्हता. सिंहली वंसग्रंथांनुसार महारट्ठात धम्म घेऊन आलेले महाधम्मरक्खित हे थेर होते, राजसेवक नव्हते. ‘धर्माधिकारी’ हा शब्द तर अधिकच घातक आहे. मध्ययुगीन महाराष्ट्रात धर्माधिकारी जातिनियमांचा भंग करणाऱ्याला प्रायश्चित्त सांगत असे. एक माणसांच्या बेड्या सोडवी, दुसरा जातीच्या बेड्या घट्ट करी. दोघांना एकच नाव देणे इतिहासाचा विपर्यास ठरेल.

महाराष्ट्रातील साक्ष

नाशिकच्या १९ व्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या काळचा छोटा लेख आहे. नाशिकच्या ‘समण महामात्रा’ने हे लेणे करविले, असे तो सांगतो. श्रमणांच्या व्यवस्थेसाठी नेमलेला अधिकारी असा त्याचा अर्थ सामान्यतः केला जातो. मौर्यांनंतरही हे पद आपल्या भूमीत टिकले, याची ही दगडात कोरलेली साक्ष होय.

पुढे शब्दाची उतरण झाली. संस्कृत कोशांत महामात्र म्हणजे हत्तींवरील अधिकारी व हत्ती हाकणारा असाही अर्थ नोंदला आहे. त्यापासूनच मराठी ‘माहूत’ व हिंदी ‘महावत’ हे शब्द आले. राज्याचा भार वाहणारा शब्द अखेरीस हत्तीच्या मानेवर जाऊन बसला!

संघ आणि अधिकारी

संघभेदाविषयीच्या अशोकाच्या लेखांत महामात्रांना संघाची एकता राखण्याची आज्ञा आहे. संघ फोडणाऱ्याला श्वेत वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. मात्र सारनाथच्या लेखानुसार या आज्ञेची एक प्रत उपासकांसाठीही ठेवावयाची होती. उपोसथाच्या दिवशी उपासकांनी आणि महामात्रांनीही तेथे यावयाचे होते. अधिकाऱ्याला दिलेली आज्ञा सामान्य उपासकाला ठाऊक असावी, ही यातील मोलाची गोष्ट.

आजही हा प्रश्न जिवंत आहे. १९४९ च्या बोधगया मंदिर अधिनियमानुसार महाविहाराच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे आहे. २०२५ मध्ये भिक्खूंनी त्या कायद्याविरुद्ध आंदोलन केले. अशा वेळी अशोकाचे उदाहरण देताना त्याच्या महामात्राचे खरे स्वरूप माहीत असले पाहिजे. त्याने सर्व पंथांची काळजी घ्यावी, दुर्बलांना सोडवावे आणि त्याला दिलेली आज्ञा उपासकांपुढे उघडी असावी, ही त्या पदाची मर्यादा होती.

म्हणून ‘धम्ममहामात्र’ हा शब्द अनुवादात तसाच ठेवावा आणि सोबत ‘लोकहितासाठी नेमलेला वरिष्ठ राज्याधिकारी’ असे स्पष्टीकरण द्यावे, असे आमचे मत आहे. अभ्यासमंडळांतून शिलालेखांचे वाचन करणाऱ्या उपासक-उपासिकांनी यावर अवश्य विचार करावा.