मानवी अंतराळ प्रवासाच्या आद्य उमेदवारांची निवड व प्रशिक्षण : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पहिल्या अंतराळवीरांची निवड करताना कोणताही पूर्वानुभव हाताशी नव्हता. वजनरहित अवस्थेत माणसाला अन्न गिळता येईल काय, त्याचे भान टिकेल काय, याविषयीदेखील शास्त्रज्ञ साशंक होते. अशा अज्ञात प्रवासासाठी माणूस कोणत्या निकषांवर निवडला गेला आणि त्या निकषांचा महाराष्ट्राशी काय संबंध आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निवडीचे निकष :
अमेरिकेने १९५९ मध्ये ‘मर्क्युरी’ प्रकल्पासाठी केवळ लष्करी चाचणी-वैमानिकांचा विचार केला. चाळिशीच्या आतील वय, कमाल ५ फूट ११ इंच उंची, पदवी व उड्डाणाचा १५०० तासांचा अनुभव या प्रमुख अटी होत्या. ५०८ जणांच्या नोंदी तपासून अखेर ७ उमेदवार निवडण्यात आले. त्या काळी स्त्रियांना चाचणी-वैमानिक होण्याची संधीच नसल्याने त्या आपोआप वगळल्या गेल्या.

सोव्हिएत संघाने १९६० मध्ये हवाई दलातील २० तरुण वैमानिक निवडले. ‘व्होस्तोक’ यान बहुतांशी स्वयंचलित होते. त्यामुळे दीर्घ अनुभवापेक्षा प्रकृती व लहान चण यांना महत्त्व आले. परतताना प्रवाशाला यानाबाहेर फेकले जाऊन हवाई छत्रीने उतरावे लागे. म्हणूनच १९६३ मध्ये अंतराळात गेलेल्या गिरणी कामगार व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांचा छत्री-उड्यांचा अनुभव निर्णायक ठरला. तात्पर्य, निकष हे यानाच्या रचनेतून व उपलब्ध मनुष्यबळातून घडतात.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
वेगाने फिरणाऱ्या यंत्रात शरीरावर अनेकपट भार देणे, निःशब्द खोलीत एकटे ठेवणे आणि जंगलात वा पाण्यात उतरल्यास तग धरणे, ही प्रशिक्षणाची मुख्य अंगे होत. राकेश शर्मा यांची १९८२ मध्ये निवड झाल्यावर त्यांना मॉस्कोजवळील प्रशिक्षण केंद्रात रशियन भाषाही आत्मसात करावी लागली. ३ एप्रिल १९८४ रोजी ते अंतराळात झेपावले.

महाराष्ट्राचा संदर्भ :
शर्मा हे पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे माजी छात्र. ‘गगनयान’साठी निवडलेले व २७ फेब्रुवारी २०२४ रोजी नावे जाहीर झालेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला हे चौघेही याच प्रबोधिनीचे. त्यांचे प्रारंभिक प्रशिक्षण २०२०-२१ मध्ये रशियात झाले. शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले.

येथेही उमेदवार चाचणी-वैमानिकांतूनच निवडले गेल्याने स्त्रियांना स्थान मिळाले नाही. हवाई दलात पहिल्या महिला लढाऊ वैमानिक २०१६ मध्ये दाखल झाल्या, तर खडकवासल्याचे दार मुलींसाठी २०२२ मध्ये उघडले.

निष्कर्ष :
अंतराळवीराची निवड प्रत्यक्ष चाचणीच्या कितीतरी वर्षे आधी, प्रवेशाच्या पहिल्या दारापाशीच सुरू होते. प्रबोधिनीच्या हवाई दल शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक असते. आजऱ्यासारख्या तालुक्यातील मुलगी दहावीनंतर कोणते विषय घेते, यावर तिच्यासाठी ते दार उघडे राहणे अवलंबून आहे. त्या वळणावर तिला योग्य माहिती देणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.