रंगाआधीचा सुतार

ट्रकविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं ते मागच्या फाळक्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यावर बंदी घातली, तेव्हा एका लोककलेवर घाला पडल्याची हळहळ व्यक्त झाली. पण त्याच सुमारास कारखान्यातून तयार येणाऱ्या केबिनमुळे आख्खं बॉडी-बिल्डिंग आक्रसत होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. घोषवाक्यांचे संग्रह करणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते यासाठी. जुन्या ट्रकचा पहिला कलावंत रंगारी नव्हे, सुतार.

1954 पासून जमशेदपूरला टेल्को आणि डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने बनलेले ट्रक, कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज आणि फार्गो, मद्रासकडचे लेलँड ही वंशावळ सर्वांना पाठ आहे. महत्त्वाचं एवढंच, की टाटा 1210 किंवा 1612 घेणाऱ्याला बहुधा चासी, इंजिन आणि पुढचं तोंड एवढंच मिळे. केबिन आणि हौदा मालकाने बांधून घ्यायचा. म्हणून नामक्कल, सरहिंद अशी गावं या कामासाठी नावाजली, आणि एकाच मॉडेलचे ट्रक प्रांताप्रांतांत निरनिराळे दिसू लागले.

हे काम लाकडात का झालं, याचं उत्तर 'स्वस्त म्हणून' असं झटकून दिलं जातं. स्वस्ताई होतीच, पण चासीच्या दोन लांब तुळया खड्ड्यात पिळवटतात, हे मोठं कारण. घट्ट जोडलेल्या पत्र्याला अशा पिळाने तडा जातो. खाच पाडून बसवलेला लाकडी सांधा मात्र थोडा हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. हौद्याखालच्या लाकडी तुळया यू-बोल्टांनी चासीला आवळलेल्या, म्हणजे मोडलेली तुळई कुठल्याही तालुक्याच्या गावी बदलता येई. समोरची काच दोन सपाट तुकड्यांची, मध्ये दांडी. फुटली तर साधा काचवालाही नवी कापून देई. केबिनमध्ये इंजिनाची धग यायची, पण लाकूड पत्र्यासारखं तापत नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागची आडवी फळी दिवसा बाक, रात्री बिछाना. डोक्यावर कपड्यांचं फडताळ, समोर देव, टपावर ताडपत्री आणि दोरखंडांसाठी कॅरिअर. आठवडाआठवडा त्यातच राहणाऱ्या दोन माणसांचं हे घर होतं. त्याची मापं ड्रायव्हरला शेजारी बसवून ठरत, आणि मालाप्रमाणे हौद्याची उंचीही बदले.

ही उंचीच घातक होती, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. जादा भार घेण्यासाठी हौदे चढवले गेले, आणि समोरासमोरच्या धडकेत लाकडी केबिनने ड्रायव्हरला वाचवलं नाही. सुरक्षेचे नियम हवेच होते, 2025 पासून नव्या ट्रकांना सक्तीची झालेली वातानुकूलित केबिनही हवीच होती. पण केबिन धडकेत टिकत नव्हती याचा अर्थ तिच्या रचनेत विचार नव्हता असा होत नाही. मजबुतीच्या चाचण्या आणि प्रमाणित आराखडे या कारागिरांपर्यंत वेळीच पोचवता आले असते. ते न करता त्यांना गावठी ठरवून बाजूला सारलं, आणि ड्रायव्हरच्या अंगवळणी पडलेली मापंही त्यांच्याबरोबर गेली.

आज नव्या ढाब्यांच्या भिंतीवर जुन्या ट्रकचं रंगवलेलं तोंड टांगतात. हौशी मालकही जुना 1210 उभा करायला घेतला की आधी रंगारी शोधतो. त्याने आधी पत्रा उघडावा, कुठल्या जागी कुठलं लाकूड आहे, कुठे खाच आणि कुठे बोल्ट आहे, फळी जमिनीपासून किती वर आहे, हे मोजून कागदावर उतरवावं. रंगारी अजून मिळतात. हा सांगाडा बांधलेले मिस्त्री आता थकले आहेत, आणि त्यांची मापं कुठे लिहिलेली नाहीत.