समुद्रावरचे सत्र

परदेशी शिक्षण म्हणजे दूरच्या एखाद्या विद्यापीठात जाऊन काही वर्षे राहणे, असाच अर्थ आपल्याकडे रूढ आहे. परंतु अमेरिकेत गेली सहा दशके अशी एक व्यवस्था चालू आहे, जिच्यात विद्यार्थी जेथे राहतो, जेवतो आणि शिकतो ते ठिकाणच एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे जात असते. 'सेमिस्टर ॲट सी' या नावाचा हा उपक्रम सुमारे शंभर दिवसांचा असून 'वर्ल्ड ओडिसी' या प्रवासी जहाजावर पाचशेच्या आसपास विद्यार्थी एका सत्रात दहा-बारा बंदरे पाहत पदवीचा अभ्यास करतात. या काळात ते साधारणपणे बारा ते पंधरा श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक, मिळवतात आणि त्या श्रेयांकांना २०१६ पासून कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीची मान्यता आहे.

हे शिक्षण आहे की महागडी सहल, ही शंका या कल्पनेइतकीच जुनी आहे. १९२६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळच्या होबोकन बंदरातून 'रिंडम' हे जहाज सुमारे पाचशे विद्यार्थ्यांना घेऊन जगप्रवासाला निघाले, तेव्हा त्यामागची प्रेरणा न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स लाऊ यांची होती. मात्र जहाज सुटण्यापूर्वीच विद्यापीठाने आपला पाठिंबा काढून घेतला होता आणि पुढे अमेरिकी वृत्तपत्रांनी वर्गांपेक्षा विद्यार्थ्यांच्या मद्यपानाच्या बातम्याच अधिक चवीने छापल्या. आजच्या उपक्रमाची परंपरा १९६३ पासूनची आहे. विल्यम ह्यूज या व्यावसायिकाच्या पुढाकाराने 'युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज' सुरू झाली, पुढे ती चॅपमन कॉलेजकडे गेली आणि योगायोग असा, की त्या काळात वापरलेल्या एका जहाजाचे नावही 'रिंडम'च होते. हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी तर याच कामासाठी 'क्वीन एलिझाबेथ' हे प्रचंड जहाज विकत घेतले होते, पण ९ जानेवारी १९७२ रोजी हाँगकाँग बंदरात आग लागून ते नष्ट झाले. तोवर त्यांच्याच मालकीच्या दुसऱ्या, लहान जहाजावर वर्ग सुरू झालेले होते.

सहलीच्या आरोपाला या उपक्रमाने दिलेले उत्तर त्याच्या वेळापत्रकात आहे. जहाज बंदरात असताना जहाजावर वर्ग भरत नाहीत, आणि समुद्रावर असताना, वार कोणताही असो, ते भरतात. सोमवार ते शनिवार या चौकटीऐवजी 'ए' दिवस आणि 'बी' दिवस अशी आलटून पालटून मोजणी केली जाते व प्रत्येक विषय या दोहोंपैकी एका मालिकेत बसवलेला असतो. पश्चिमेकडे जाताना दर पंधरा रेखांशांमागे घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, त्यामुळे काही दिवस पंचवीस तासांचे होतात आणि पॅसिफिकमधील आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना दिनदर्शिकेतील एक अख्खा दिवसच गळतो. वाराशी न बांधलेल्या या मोजणीला त्याने काहीच बाधा येत नाही.

सत्राचे पहिले दिवस मात्र अभ्यासापेक्षा शरीराचीच परीक्षा पाहणारे असतात. जहाज सुटण्याच्या वेळीच सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकून जीवरक्षक जाकीट घालून ठरलेल्या जागी जमण्याची कवायत करून घेतली जाते, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती टाळता येत नाही. त्यानंतर खुल्या समुद्राचा पहिला टप्पा येतो आणि ज्याला आपण 'बोट लागणे' म्हणतो तो त्रास अनेकांना गाठतो. डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसत असते आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा हालचाल नोंदवत असते, या दोन संदेशांच्या विसंगतीतून मळमळ उद्भवते. म्हणूनच खिडकी नसलेल्या खोलीत पुस्तकात मान घालून बसलेल्या विद्यार्थ्याला ती अधिक जाणवते आणि डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहणाऱ्याला कमी. त्याच दिवसांत, इंटरनेट मर्यादित असताना, पहिल्या वर्गांचे वाचन पूर्ण करायचे असते.

'ग्लोबल स्टडीज' हा पुढील बंदरांचा इतिहास, समाज आणि अर्थकारण समजावून देणारा विषय सर्वांना सक्तीचा असतो, तर अन्य प्रत्येक विषयात एका बंदरात शिक्षकासोबत केलेला क्षेत्रवर्ग अनिवार्य असतो. क्षेत्रवर्ग म्हणजे स्थळदर्शन नव्हे. त्यावर लेखन करावे लागते आणि त्याला गुण असतात. कोची किंवा चेन्नई येथे उतरलेल्या विद्यार्थ्याला त्या चार-पाच दिवसांत भारत कळतो, असा दावा कोणी केल्यास तो हास्यास्पद ठरेल, पण पुढील बंदरापर्यंतच्या वर्गांत त्याला नेमके प्रश्न विचारता येतात, हा लाभ खरा आहे. जहाजावर परतण्यास उशीर केल्यास पुढच्या बंदरात काही वेळ जहाजावरच अडकवून ठेवण्याची शिक्षाही आहे.

एकत्र राहण्याची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. खोल्यांच्या पट्ट्यांना समुद्रांची नावे देऊन विद्यार्थ्यांचे गट पाडले जातात आणि त्यांच्यात क्रीडास्पर्धा होतात. विषुववृत्त ओलांडताना नेपच्यून या सागरदेवतेच्या दरबाराचा खलाशांचा जुना विधी साजरा होतो, ज्यात अनेक मुलगे आणि मुलीही डोके भादरून घेतात. प्राध्यापकांची मुले आणि निवृत्तीनंतर हौसेने शिकायला आलेले वडीलधारेही याच जेवणघरात जेवतात. २००७ साली आर्चबिशप डेस्मंड टुटू असेच संपूर्ण प्रवासात सोबत होते.

मुंबईला जहाजावरची शाळा नवीन नाही. १९२७ पासून 'डफरिन' आणि १९७२ पासून 'राजेंद्र' ही जहाजे बंदरात नांगरून त्यांवर व्यापारी नौदलाचे अधिकारी घडवले गेले. तेथे जहाज हाच अभ्यासविषय होता. अमेरिकी उपक्रमात ते केवळ वर्ग आणि वसतिगृह आहे आणि त्यामुळेच त्याचे मूल्य समुद्रावरील दिवस विद्यार्थी कसे घालवतो यावर अवलंबून राहते. खर्च मोठा आहे आणि शिष्यवृत्त्या असल्या तरी ही संधी मुख्यत्वे सुस्थितीतील कुटुंबांपुरतीच राहिली आहे, हेही नमूद केले पाहिजे. ज्या मराठी विद्यार्थ्यांना तरीही अर्ज करावासा वाटेल, त्यांनी आपले विद्यापीठ हे श्रेयांक स्वीकारते का, याची लेखी खात्री आधी करून घ्यावी आणि भारतीय पारपत्रावर मार्गातील अनेक देशांचे व्हिसा स्वतंत्रपणे काढावे लागत असल्याने त्या कामाला काही महिने अगोदरच लागावे.