विकत घेतलेलं ई-बुक वाचनालयात का देता येत नाही?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी एक उद्योग करून ठेवला होता. आजचा विषय समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मी जालना जिल्ह्यातला, अंबड तालुक्यातला. आमच्याकडे एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. दोन खोल्या, आठ कपाटं आणि पेपर वाचायला एक लांब टेबल. लॉकडाऊनमध्ये तेही बंद झालं. वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एकच मागणी, "दादा, काहीतरी वाचायला टाका ना." किल्ली ग्रंथपाल काकांकडे होती आणि स्कॅनरचं ॲप माझ्याकडे. आपल्याच जिल्ह्यातल्या एका लेखकाचा कथासंग्रह मी दोन दुपारी बसून स्कॅन केला आणि पीडीएफ ग्रुपवर टाकली. अंगठ्यांचा आणि नमस्कारांचा पाऊस पडला. मीही खूश.

चौथ्या दिवशी त्या लेखकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, "बाळा, ती फाईल फिरत फिरत माझ्याच मोबाईलवर आली. पदरचे पैसे घालून छापलंय रे ते पुस्तक. अजून तीनशे प्रती माळ्यावर पडून आहेत. आता त्या कोण घेणार?"

मी माफी मागितली आणि फाईल काढायला गेलो. पण 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत केव्हाच संपली होती. शिवाय तोवर ती कुठल्या कुठल्या ग्रुपवर पोचली होती, देव जाणे.

मला तेव्हा खरंच वाटायचं, वाचनालय पुस्तक फुकटच देतं, मग मी पीडीएफ फुकट दिली तर बिघडलं कुठं? पुढे वाचनालयात दोन टॅबलेट आले तेव्हा हाच प्रश्न उलटा होऊन समोर आला. आम्ही रीतसर पैसे भरून ई-बुक घ्यायला निघालो, तर ॲपच्या अटी सांगत होत्या की हे तुम्हाला सभासदांना देता येणार नाही. म्हणजे फुकट वाटलं तरी चूक आणि विकत घेतलं तरी देता येत नाही. हे काय गौडबंगाल आहे, ते नीट बघू या.

कागदाचं पुस्तक सायकल, ई-बुक एसटीचा पास

तुम्ही सायकल विकत घेतली की ती तुमची. भावाला द्या, मित्राला वापरू द्या, जुनी झाली की विका. कंपनी विचारायला येत नाही. कागदाच्या पुस्तकाचंही तसंच. आपल्याकडे कॉपीराइट कायदा आहे १९५७ चा. त्यात पुस्तकाच्या प्रती लोकांपर्यंत आणण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाला दिला आहे, पण एकदा विकून चलनात आलेल्या प्रतीवर तो हक्क उरत नाही. म्हणून वाचनालय एक प्रत घेऊन पन्नास जणांना वाचायला देऊ शकतं. जगभरातली वाचनालयं याच साध्या तत्त्वावर उभी आहेत.

ई-बुक मात्र एसटीच्या विद्यार्थी पाससारखं आहे. पैसे तुम्ही भरता, पण बस तुमची होत नाही. पासवर नाव तुमचं, मुदत ठरलेली, आणि तो पास मित्राला देता येत नाही. किंडलसारख्या दुकानात 'विकत घ्या' असं बटण असतं, पण अटींमध्ये लिहिलेलं असतं की मजकुराचा तुम्हाला परवाना दिला आहे, तो विकलेला नाही. तोही परवाना वैयक्तिक वापरासाठी. त्या खात्यावरचं पुस्तक वाचनालयाने सभासदांना फिरवलं की अट मोडली.

याचा अर्थ काय होऊ शकतो, हे जुलै २००९ मध्ये अमेरिकेत दिसलं. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं लोकांनी किंडलवर विकत घेतली होती. ज्याने ती दुकानात टाकली त्याच्याकडे तिथले हक्कच नव्हते. हे कळल्यावर ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ती पुस्तकं परस्पर काढून टाकली. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण कागदाचं पुस्तक असतं तर दुकानदार रात्री घरात शिरून ते कपाटातून काढून नेऊ शकला असता का?

मग परदेशातली वाचनालयं ई-बुक कशी देतात?

अमेरिकेत लिबी नावाचं ॲप आहे. वाचनालयाचा सभासद नंबर टाकला की मोबाईलवर ई-बुक वाचायला मिळतं आणि मुदत संपली की आपोआप परत जातं. ऐकायला मस्त वाटतं, पण मागचा हिशोब वेगळा आहे. तिथे वाचनालयाला खास परवाना घ्यावा लागतो. त्याची किंमत तुमच्या-माझ्यासारख्या ग्राहकाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असू शकते. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने नियम केला, की २६ वेळा पुस्तक दिलं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. काही मोठे प्रकाशक २ वर्षांचा परवाना देतात. २०१९ मध्ये मॅकमिलनने तर नवीन ई-बुकची पहिले ८ आठवडे एका वाचनालय-यंत्रणेला एकच प्रत देण्याचा नियम केला. वाचनालयांनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला.

आमच्या वाचनालयातल्या काही कादंबऱ्या मी शाळेत असल्यापासून फिरताहेत. पुठ्ठा दोनदा बदलला, पण पुस्तक चालू आहे. २६ वाचकांनंतर कपाटातून पुस्तक गायब होतंय, अशी कल्पना करून बघा.

इंटरनेट आर्काइव्हचा खटला

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जुनी पुस्तकं शोधताना इंटरनेट आर्काइव्ह वापरलं असेल. त्यांनी एक युक्ती काढली होती. कागदाचं पुस्तक जवळ ठेवायचं, त्याचा स्कॅन करायचा आणि तो एका वेळी एकालाच वाचायला द्यायचा. जितक्या कागदी प्रती, तितकेच वाचक. मार्च २०२० मध्ये जगभर वाचनालयं बंद पडल्यावर त्यांनी ही मर्यादा काही आठवड्यांसाठी उठवली. जून २०२० मध्ये हॅशेट, हार्परकॉलिन्स, वायली आणि पेंग्विन रँडम हाऊस या ४ प्रकाशकांनी खटला भरला. दाव्यात १२७ पुस्तकं होती.

मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. आक्षेप फक्त लॉकडाऊनमधल्या सुटीवर नव्हता. 'एक प्रत, एक वाचक' ही मूळ पद्धतसुद्धा न्यायालयाने मान्य केली नाही. आर्काइव्हने ५ लाखांहून जास्त पुस्तकं वाचायला देणं थांबवलं.

खटला अमेरिकेतला असला तरी झळ अंबडपर्यंत येते. साइट तीच, आपण वापरतो तीच. एखादं पुस्तक उघडायला जावं आणि ते आता फक्त अंध किंवा छापील मजकूर वाचता न येणाऱ्या वाचकांसाठीच आहे असा संदेश यावा, हे माझ्या बाबतीत अनेकदा झालंय.

आपला कायदा वाचनालयाला काय देतो?

कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात काही सवलती आहेत. बिगर-व्यावसायिक सार्वजनिक वाचनालयाकडे एखाद्या पुस्तकाची कागदी प्रत असेल, तर जतन करण्यासाठी ते डिजिटल रूपात साठवता येतं. ही सवलत २०१२ च्या दुरुस्तीने आली. एखादं पुस्तक भारतात विकतच मिळत नसेल, तर वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या जास्तीत जास्त ३ प्रती करता येतात. दृष्टिहीन किंवा अन्य दिव्यांग वाचकांना वाचता-ऐकता येईल अशा रूपात पुस्तक करून देण्याचीही सोय आहे. त्यासाठी 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन वाचनालयही आहे.

आता यात माझा लॉकडाऊनमधला उद्योग बसतो का? नाही. जतन करणं वेगळं आणि ग्रुपवर वाटणं वेगळं. शिवाय ते पुस्तक बाजारात होतं. लेखकांच्या माळ्यावरच होतं!

"पण दिल्लीच्या झेरॉक्सवाल्याला कोर्टाने सोडलं होतं ना?" असं एका मित्राने मला ऐकवलं. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर खटला भरला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं, की शिकवण्याच्या कामासाठी अभ्यासक्रमातल्या निवडक पानांच्या प्रती काढणं कायद्यात बसतं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला मागे घेतला. विद्यार्थ्यांसाठी हा फार मोठा निकाल आहे. पण तो वर्गातल्या शिकवण्यासाठी आहे, अख्खं पुस्तक टेलिग्रामवर टाकण्यासाठी नाही.

टेलिग्राम चॅनलवाल्यांनो, इकडे लक्ष द्या

एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती करणाऱ्या पोरापोरींना मी रोज बघतो. सातशे-आठशे रुपयांचं एक पुस्तक, अशी सहा लागतात. अभ्यासिकेची फी वेगळी. टेलिग्रामवर तीच पीडीएफ फुकट दिसली की हात आपोआप जातो. मी कुणाला चोर म्हणणार नाही. पण दोन गोष्टी माहीत असू द्या.

एक, स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामवर फिरत होते. त्या न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला त्या चॅनलची माहिती द्यायला सांगितलं, आणि पुढे टेलिग्रामने ॲडमिनची नावं, फोन नंबर, आयपी ॲड्रेस न्यायालयाला दिले. म्हणजे 'टेलिग्रामवर कुणाला कळतंय' हा समज खोटा आहे.

दोन, जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि गुन्हा अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. सरकारी नोकरीची तयारी करताना नावावर असा गुन्हा कुणाला हवाय?

मोठ्यांना परवाना, आपल्याला काय?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. ३ वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये भरून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार संशोधन-नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळवून दिली. चांगलं काम आहे. पण तो परवानाच आहे. मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागणार. आणि तो कॉलेज-विद्यापीठासाठी आहे. कॉलेज सोडून तालुक्याच्या वाचनालयात बसणारी मुलगी त्यात येत नाही. कागदाच्या पुस्तकात असा भेदभाव नव्हता. वर्गणी भरली की कपाट सगळ्यांना सारखंच उघडं असायचं.

मोकळी पुस्तकं कशी ओळखायची?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' मोकळं झालं. कुणीही छापा, कुणीही वाटा. गंमत बघा, ऑर्वेलही १९५० मध्येच गेला. म्हणजे जे '१९८४' अमेरिकेत लोकांच्या किंडलमधून काढून घेतलं गेलं, ते इथे तेव्हापासूनच मोकळं आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०३० ला मोकळी होतील. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०६१ उजाडावं लागेल.

एक काळजी घ्या. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी नवीन आवृत्तीची प्रस्तावना, चित्रं किंवा अनुवाद यांचा कॉपीराइट वेगळा असू शकतो.

आम्ही शेवटी काय केलं?

टॅबलेटवर आम्ही फक्त हक्काचं भरलं. मराठी विश्वकोश, बालभारतीची पाठ्यपुस्तकं, विकिस्रोतवरची मोकळी पुस्तकं, आणि ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, जी लेखकांच्या परवानगीने मोफत दिली जातात. परीक्षांच्या महागड्या पुस्तकांसाठी मात्र कागदच निवडला. प्रत्येकाच्या दोन प्रती, आणि दोन-दोन तासांची पाळी वहीत लिहायची.

आणि एके दिवशी काका आणि मी त्या लेखकांच्या घरी गेलो. वाचनालयासाठी पाच प्रती विकत घेतल्या. चहा पिताना मी भीतभीत विचारलं, "सर, वाचनालयाच्या टॅबलेटवर ठेवायची लेखी परवानगी द्याल का? बाहेर जाणार नाही, तिथेच बसून वाचायचं." ते हसले. म्हणाले, "हेच आधी विचारलं असतंस, तर लॉकडाऊनमध्ये ग्रुपवर टाकायलाही मी हो म्हणालो असतो."

ते पत्र आज वाचनालयाच्या फाईलमध्ये लावलेलं आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात असं एक पत्र मिळवायला पैसे लागत नाहीत. लेखकाला एक फोन करावा लागतो, आणि तो स्कॅन करण्याच्या आधी करायचा.