चांदीपुरा : नागपूरचा पत्ता असलेला व्हायरस

चांदीपूर म्हटलं की आपल्याला मिसाइलच्या टेस्ट आठवतात. ते चांदीपूर ओडिशात. मी सांगतेय ते चांदीपुरा आपल्या नागपूरकडचं आहे, आणि त्याच्या नावाने वैद्यकाच्या पुस्तकांत एक व्हायरस ओळखला जातो.

गोष्ट १९६५ ची. नागपुरात डेंग्यू-चिकुनगुन्याच्या तापाची साथ होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आजची एनआयव्ही) इथल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले. शोधायचे होते ओळखीचे जंतू, पण दोन रुग्णांच्या रक्तात निघाला तिसराच! भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये त्याच्यावर पेपर लिहिला आणि गावावरून त्याला नाव मिळालं, चांदीपुरा. साधा ताप आणणारा जंतू म्हणून पुढची बरीच वर्षं कोणी त्याला फारसं मनावर घेतलं नाही.

मग २००३ चा उन्हाळा संपता संपता आंध्र प्रदेशात (वरंगल, करीमनगर, म्हणजे आजचा तेलंगणा) मुलं पटापट आजारी पडू लागली. ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यातली १८३ गेली. निम्म्याहून जास्त. त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही केसेस होत्या. २००७ मध्ये तो परत नागपूर विभागात आला, आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये. म्हणजे जुना झाला, संपला असं समजायचं काही कारण नाही.

आता हा जंतू करतो काय? बॅक्टेरिया स्वतः खातो, स्वतः वाढतो. व्हायरसला यातलं काहीच येत नाही. चांदीपुरा हा रेबीजच्या खानदानातला, आकार बंदुकीच्या गोळीसारखा. आत आरएनएचा एक धागा, त्यावर सुमारे ११ हजार अक्षरं, म्हणजे आपली एक असाइनमेंट समजा. एवढ्यात फक्त पाच प्रोटीनची कृती लिहिलेली असते. बाहेरच्या आवरणावरचं प्रोटीन आपल्या पेशीला चिकटतं, पेशी त्याला आत ओढून घेते, आणि इथेच फसते. कारण व्हायरस आपलं कॉपी काढणारं यंत्र सोबत घेऊनच आलेला असतो. कच्चा माल आपल्या पेशीचा, वीज आपल्या पेशीची, माल मात्र त्याचा. (फायनल इयरवाल्यांचे प्रोजेक्ट कसे तयार होतात ते आठवा!) तयार झालेले नवे व्हायरस बाहेर पडतात, शेजारच्या पेशीत शिरतात, आणि आधीची पेशी मरते.

ताप हा आपल्या शरीराचा प्रतिकार असतो. बहुतेक मोठ्या माणसांत तो पुरतो. जिथे हा व्हायरस फिरतो तिथल्या मोठ्यांच्या रक्तात अँटीबॉडीज सापडतात, म्हणजे तो कधीतरी येऊन गेला आणि त्यांना कळलंही नाही. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांचं तसं नाही. त्यांच्यात तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. मग तापाबरोबर उलट्या, झटके, बेशुद्धी. हे सगळं एक-दोन दिवसांत! लस नाही, नेमकं औषध नाही. डॉक्टर झटके थांबवतात, मेंदूवरचा दाब कमी करतात, श्वास सांभाळतात, बस.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो त्याचा रस्ता. प्रत्येक जंतूचा रस्ता वेगळा असतो. टायफॉइड पाण्यातून आणि अन्नातून येतो, टीबी खोकल्यातून, डेंग्यू डासातून. चांदीपुरा येतो वाळूमाशीतून. इंग्रजीत सँडफ्लाय. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची, डासाहूनही लहान. गुणगुणत नाही, त्यामुळे कानाशी आली तरी कळत नाही. धड उडत नाही, उड्या मारल्यासारखी जाते. बसली की पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरते. संध्याकाळी आणि रात्री चावते, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आरामात आत येते.

दरवर्षी पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलमध्ये काय होतं बघा. कूलर रिकामे करा अशी नोटीस लागते, धुराचं मशीन येतं, सगळे खोकत बाहेर पळतात, झालं! कूलरचं पाणी काढणं बरोबरच आहे, डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो. पण वाळूमाशीला साठलेलं पाणी लागतच नाही. तिची अंडी ओलसर, अंधाऱ्या मातीत, शेणात, कुजक्या पालापाचोळ्यात. दिवसा ती भिंतीच्या भेगेत बसलेली असते, तिथे धूर पोचत नाही. म्हणून तिच्यासाठी भेगा बुजवायच्या, भिंतीवर टिकून राहणारं औषध फवारायचं, गोठा आणि कचरा राहत्या घरापासून लांब ठेवायचा. एकाच पावसाळ्यातले दोन जंतू, आणि उपाय एकदम वेगळे. डेंग्यूचा उपाय करून चांदीपुरा थांबत नाही.

आता आपलं कळमना बघा. मार्केटमध्ये रोज ट्रकच्या ट्रक भाजी आणि फळं उतरतात. सडका माल, पावसात भिजलेला कचरा, त्यावर चरणारी जनावरं. त्याच्या आजूबाजूला मजुरांची घरं, काही विटामातीची, भेगा पडलेली. मी असं म्हणत नाही की इथे चांदीपुराची माशी आहेच. तपासल्याशिवाय ते कोणालाच सांगता येणार नाही. पण तिला लागतं ते सगळं इथे आहे, आणि मुलंही आहेत. आपण विशीतले, आपल्याला बहुधा ताप येऊन जाईल. हमालांची, मेसच्या मावशींची, वॉचमन काकांची पोट्टी जमिनीवर झोपतात, भिंतीला लागून. धुराचं मशीन मात्र फिरतं आपल्या गेटच्या आत.

एनएसएसच्या पुढच्या कॅम्पला आपण भिंतीवर स्लोगन रंगवण्यापेक्षा त्याच भिंतींच्या भेगा बुजवायला काय हरकत आहे? सिव्हिलवाल्यांना सिमेंटचं प्रमाण पाठ आहे. निदान जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत तरी, कारण ही माशी फार उंच जात नाही. महानगरपालिकेकडे आपल्या भागात भिंतींच्या फवारणीसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर अर्जही करता येईल.

आणि एक गोष्ट मावशींना मराठीत, हमालांच्या घरी हिंदीत आजच सांगता येईल. पावसाळ्यात लहान मुलाला एकदम जोराचा ताप आला, उलटी झाली, झटका आला किंवा ते गुंगीत गेलं, तर सकाळची वाट बघायची नाही. मेडिकल दुसऱ्या टोकाला आहे, इथून मेयो जवळ पडतं. रात्री ऑटो मिळत नसेल तर १०८ ला फोन करायचा, ती ॲम्ब्युलन्स फुकट आहे.