भिंत पाडावी की राखावी?

रावेरच्या जुन्या वस्तीत घराच्या नूतनीकरणाचा विषय निघाला, की रंग आणि फरशी यांच्या आधी अनेकदा एका भिंतीची चर्चा सुरू होते. ही भिंत असते बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली. पुण्या-नाशिकला नोकरी करणारा मुलगा तेथील सदनिकांमधला मोकळा हॉल आणि त्यालाच जोडलेले ‘ओपन किचन’ पाहून आलेला असतो. तसेच काही आपल्या घरीही व्हावे, असे त्याला वाटते. वडीलधाऱ्यांना मात्र चूल आणि बैठक एकाच छताखाली, आडपडद्याविना असावी, ही कल्पनाच रुचत नाही. केळीच्या एका हंगामाचा पैसा या कामात घालायचा असतो आणि पाडलेली भिंत पुन्हा उभारण्याचा खर्च पाडण्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

मोकळ्या आराखड्याची कल्पना मुळात थंड प्रदेशात रुजली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी शिकागोमध्ये बांधलेले रोबी हाउस १९१० मध्ये पूर्ण झाले. त्यात बैठक आणि भोजनकक्ष यांच्यामध्ये भिंत नाही, केवळ एक शेकोटी आहे. सगळे घर एकाच यंत्रणेने उबदार ठेवण्याची सोय झाल्यामुळे खोल्या बंद ठेवण्याची गरज तेथे उरली नव्हती. पुढे १९२६ च्या सुमारास ल कार्बुझिए यांनी काँक्रीटच्या खांबांवर उभ्या असलेल्या घरात भिंती हव्या तेथे ठेवाव्यात वा काढून टाकाव्यात, हे तत्त्व मांडले. भार खांबांनी पेलला, तरच भिंत मोकळी होते. रावेरमधील किती घरांना ही अट लागू पडते, हा खरा प्रश्न आहे.

येथील घरे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिली धाब्याची : सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट, त्यावर मातीचा जाड थर आणि मातीत रचलेल्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती. दुसरी, नंतरच्या काळातील विटांची, ज्यांत स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला असतो. तिसरी ‘आरसीसी’ सांगाड्याची. या तिसऱ्या प्रकारात मधली भिंत बहुधा केवळ आडोसा असते आणि ती काढणे तुलनेने सोपे असते. पहिल्या दोन प्रकारांत मात्र सावधगिरी हवी.

विटांच्या घराचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा, दहा-दहा फुटांच्या दोन खोल्यांमधील भिंतीवर स्लॅब टेकलेला आहे. ती भिंत काढली, तर स्लॅबला वीस फुटांचे अंतर एकट्याने पेलावे लागते. ढोबळ हिशेबाने अंतर दुप्पट झाले, की स्लॅबला वाकवणारा जोर चौपट होतो आणि त्याला पडणारा झोळ सोळापट. त्याच्या पोटातील सळया मात्र दहा फुटांच्या हिशेबानेच टाकलेल्या असतात. शेजाऱ्याने भिंत काढली आणि काही झाले नाही, हा दाखला म्हणूनच कुचकामी ठरतो. शेजारच्या घरात स्लॅब कोणत्या दिशेने टेकला आहे, हे बाहेरून दिसत नाही. लोखंडी गर्डर टाकून मार्ग काढता येतो. परंतु त्याची दोन्ही टोके जेथे टेकतात, तेथे सारा भार एकवटतो. त्याखाली काँक्रीटचा ठोकळा किंवा स्वतंत्र खांब हवा आणि काम सुरू असताना स्लॅबला पुरेसे टेकू हवेत.

धाब्याच्या घराचे गणित निराळे आहे. तेथे छताचा भार खांब-तुळयांच्या खणांवर असतो. त्यामुळे मधली भिंत काढली तरी छत टिकेल, असे गवंडी सांगतो आणि तत्त्वतः ते खरेही असते. अडचण अशी, की भिंतीत गाडलेल्या खांबाचा बुंधा ओलीने कुजला आहे की वाळवीने पोखरला आहे, हे गिलावा फोडल्याशिवाय कळत नाही. असा खांब कित्येक वर्षे भिंतीच्याच आधाराने उभा असतो. शिवाय याच भिंती सांगाड्याला आडव्या धक्क्यापासून सावरतात. तापीचे खोरे २०१६ च्या भारतीय मानकातील नकाशात भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात दाखवलेले आहे आणि सातपुड्याच्या परिसरात १४ मार्च १९३८ रोजी मोठा भूकंप झाला होता. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ रोजी बहुसंख्य बळी घेतले, ते मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनी आणि त्यांवरील धाब्याच्या मातीने. जुन्या घरात मोकळीक हवीच असेल, तर धाब्यावर वर्षानुवर्षे साचत गेलेला मातीचा थर आधी हलका करावा.

बळकटीचा प्रश्न सुटला, तरी उन्हाचा उरतोच. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जाड मातीच्या भिंती दुपारचे ऊन सायंकाळपर्यंत आत पोहोचू देत नाहीत. आतल्या भिंतीही रात्रीचा गारवा काही काळ धरून ठेवतात. मधली भिंत गेली, की हा साठा कमी होतो आणि स्वयंपाकघरातील शेगडीची धग थेट बैठकीत येते. वातानुकूलन यंत्र बसवायचे, तर एका खोलीऐवजी दोन खोल्यांची हवा थंड करावी लागते आणि विजेचे बिल त्या प्रमाणात वाढते. कूलरचीही एक गंमत आहे. कूलरचा झोत मोकळ्या हॉलमधून ओट्यापर्यंत पोहोचला, की गॅसची ज्योत फडफडते. मग भाकरी होईपर्यंत कूलर बंद ठेवायचा की खिडकी, यावरून रोजचा वाद सुरू होतो.

त्यात खान्देशी स्वयंपाक! भरताची वांगी भाजणे, काळ्या मसाल्यासाठी खोबरे-कांदा परतणे, मिरचीची फोडणी देणे, हे सारे मोकळ्या घरात बैठकीतील पाहुण्याच्या नाकापर्यंत जाणारच. बाहेर धूर सोडणारी चिमणी बसवता येते, परंतु तिच्या नळीचा मार्ग आराखड्यातच ठरवावा लागतो. दोन्ही बाजूंची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या घरांत तो सहज सापडत नाही.

असे असले तरी मोकळ्या घराची मागणी करणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. स्वयंपाक करणारी स्त्री दिवसाचे कितीतरी तास भिंतीआड एकटी असते. लहान मूल किंवा अंथरुणावरचे म्हातारे माणूस तिच्या नजरेच्या टप्प्यात राहत नाही. लांबट, अरुंद घरांत मधल्या खोलीत भरदुपारीही दिवा लावावा लागतो. मात्र या अंधाराला दरवेळी भिंतच कारणीभूत असते, असे नाही. अनेक घरांत पूर्वी मधोमध चौक असे. तेथून उजेड येई आणि तापलेली हवा वर निघून जाई. खोली वाढवण्यासाठी त्या चौकावर स्लॅब पडला आणि घर कोंदटले. चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादेत १९६१-६२ मध्ये बांधलेले ‘ट्यूब हाउस’ जेमतेम ३.६ मीटर रुंद होते आणि आतून जवळजवळ मोकळे होते. तरी ते तापत नसे, कारण उतरत्या छपराच्या माथ्यातून गरम हवा बाहेर पडण्याची सोय होती. ते घर १९९५ मध्ये पाडले गेले. उष्ण प्रदेशात घर आडवे मोकळे करायचे, तर वर वाट ठेवावी लागते, हे मात्र ते दाखवून गेले. भिंत पाडण्याच्या खर्चात झाकलेला चौक जाळी आणि काचेच्या छपराने पुन्हा उघडता येत असेल, तर तो पर्याय आधी तपासावा. पुष्कळ घरांना तेवढेच पुरेल.

भिंत पूर्ण न काढता कमरेइतकी ठेवून वर मोठी खिडकी काढणे किंवा सरकती काच बसवणे, हाही मधला मार्ग आहे. आखाजीला माहेरवाशिणी आणि त्यांची मुले आली, की घरात निजण्यासाठी आडोसा लागतो. एरवी बारा महिने रिकामी वाटणारी मधली खोली त्या आठवड्यात अपुरी पडते.

नियमांबाबत बराच गैरसमज आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये केवळ अंतर्भागापुरत्या मर्यादित फेरफारांना परवानगीतून सूट दिलेली आहे. तिचा अर्थ ‘घरात काहीही करा’ असा घेतला जातो. भार पेलणारी भिंत, खांब किंवा तुळई यांना हात लावायचा असल्यास परवानाधारक अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात आधी विचारणा करावी. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल किंवा घर भावाभावांच्या नावे असेल, तर संमतीही लेखीच घ्यावी.

निर्णय होत नसेल, तर एक साधा प्रयोग करता येतो. मधल्या दाराच्या फळ्या काढून ठेवाव्यात, शेजारी खिडकी असल्यास तिचीही तावदाने काढावीत आणि एक उन्हाळा तसाच काढावा. वास, धग, आवाज आणि पाहुणे यांचा अनुभव त्यातून पुरेसा येतो. भिंत काढायचे ठरलेच, तर काम दिवाळीनंतर हाती घ्यावे. हवा कोरडी असते, धाबे उघडे पडले तरी पावसाची भीती फारशी नसते आणि आखाजीपूर्वी घर आवरून होते. काढलेल्या सागवानी चौकटी घाईने विकू नयेत. नव्या उघडीला बहुधा त्याच पुन्हा बसवता येतात.