नऊ जणी, चार होड्या आणि हजार तलाव

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या तलावांच्या प्रदेशात, केवळ स्त्रियांचे लहान गट गेली अनेक दशके काही दिवसांच्या वास्तव्यासाठी जात आले आहेत. अशा वास्तव्याला ‘रिट्रीट’ म्हणतात. घर, नोकरी आणि रोजची कामे यांपासून ठरवून दूर जाऊन काही काळ एकत्र राहणे, एवढाच त्याचा साधा अर्थ आहे. या प्रदेशातील रिट्रीटमध्ये मात्र आयते असे काहीच मिळत नाही. सरपण गोळा करणे, चूल पेटवणे, तंबू ठोकणे, होडी चालवणे, नकाशा पाहून वाट काढणे ही सगळी कामे गटातल्या स्त्रियांनाच करावी लागतात, आणि या शिबिरांचे खरे मोल तेथील निसर्गसौंदर्यापेक्षाही कामांच्या या वाटणीत आहे.

या प्रदेशाचे अधिकृत नाव ‘बाउंड्री वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस’ असे आहे. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि एकाच बाजूला पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची हलकी होडी. सुमारे 4,400 चौरस किलोमीटर पसरलेल्या या क्षेत्रात एक हजाराहून अधिक तलाव असून ते ओढ्यांनी, नद्यांनी आणि पायवाटांनी एकमेकांशी जोडलेले आहेत. 1964 च्या वन्यक्षेत्र कायद्याने त्याला संरक्षण मिळाले आणि 1978 मध्ये खास या क्षेत्रासाठी झालेल्या कायद्याने वृक्षतोड थांबवली व बहुतेक तलावांवरून यांत्रिक होड्या हद्दपार केल्या. आत जाण्यासाठी परवाना लागतो, उन्हाळ्याच्या हंगामात प्रत्येक प्रवेशस्थानावरून रोज ठराविक गटांनाच सोडले जाते, पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे आणि एका गटात नऊपेक्षा अधिक माणसे व चारपेक्षा अधिक होड्या असू नयेत असा नियम आहे. हा शेवटचा नियम निसर्गाच्या रक्षणासाठी केलेला असला, तरी स्त्रियांच्या गटांना त्याचा आणखी एक लाभ झाला, कारण नऊ जणींच्या गटात प्रेक्षक म्हणून बसून राहायला कोणालाच जागा उरत नाही.

अशा सहलींची पूर्वपीठिका मात्र विश्रांतीची नव्हती. जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या पुढाकाराने 1941 मध्ये वेल्समधील एबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू झाली. युद्धकाळात समुद्रावर जाणाऱ्या तरुण खलाशांच्या अंगी कणखरपणा आणि जगण्याची जिद्द यावी, हा तिचा हेतू होता. हीच पद्धत पुढे अमेरिकेत आली, मिनेसोटात तिची शाखा निघाली, आणि 1965 मध्ये तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम घेण्यात आला. जंगलात मुलींना पुरेसे बळ दाखवता येईल का, ही शंका त्या काळी उघडपणे घेतली जात असल्यामुळे हे पाऊल महत्त्वाचे होते. तरीही अभ्यासक्रमाचा साचा तरुण पुरुषांसाठी घडवलेलाच राहिला. माणसाला मुद्दाम कठीण प्रसंगात टाकायचे, त्याची परीक्षा पाहायची आणि त्या ताणातून आत्मविश्वास निर्माण करायचा, अशी त्यामागची धारणा होती.

या धारणेला वेगळे उत्तर 1977 मध्ये मिनेअपोलिस येथे सुरू झालेल्या ‘वुड्सविमेन’ या संस्थेने दिले. केवळ स्त्रियांच्या साहससहली नेणाऱ्या या संस्थेची धुरा दीर्घकाळ सांभाळणाऱ्या डेनिस मिटन यांनी 1985 मध्ये एका शैक्षणिक नियतकालिकात आपल्या कामाची वैचारिक बैठक मांडली. स्त्रीला कणखर बनवण्यासाठी रानात न्यावे लागते हे गृहीतकच त्यांना मान्य नव्हते. सहलीला येणारी स्त्री आधीच पुरेशी समर्थ असते, तिच्यासाठी कृत्रिम संकटे उभी करण्याची गरज नसते, आणि निसर्ग हा जिंकण्याचा प्रतिस्पर्धी नसून तो काही दिवस राहण्याची जागा आहे, अशी या विचारामागची दृष्टी होती. त्यातून नेतृत्वाची एक निराळी रीत घडली. दिवसभरात किती अंतर कापायचे हे गटाने मिळून ठरवावे, एखादीला खडकावरून पाण्यात उडी मारायची नसेल तर तिचा नकार कारण न विचारता स्वीकारावा, आणि पुढे काय होणार आहे याची कल्पना सर्वांना आधीच द्यावी, असा या रीतीचा आग्रह होता. वरवर पाहता या बाबी साध्या वाटतात. परंतु लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रिया गटात असू शकतात, आणि अचानक केलेला स्पर्श किंवा ‘विश्वास ठेव आणि मागे पड’ असले खेळ त्यांच्या जखमा उघड्या करू शकतात, हे ध्यानी घेतले म्हणजे नकाराचा अधिकार किती मोलाचा आहे ते उमगते. मिटन यांनी 1993 मध्ये एका सहलेखिकेसह या प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला.

कामाची वाटणी म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी होडी वाहून नेण्याचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते. एका तलावातून दुसऱ्या तलावात जाताना मध्ये जमिनीचा पट्टा लागतो. होडी आणि सामान खांद्यावर घेऊन तो ओलांडण्याच्या पायवाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात आणि तिची लांबी आजही ‘रॉड’ या जुन्या मापात सांगितली जाते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे जवळजवळ एका कनूएवढी लांबी. ॲल्युमिनियमची कनू तीस किलोंच्या पुढे भरते, तर केवलार या हलक्या कृत्रिम धाग्याची वीस किलोंच्या आसपास असते. ती उचलण्यासाठी होडीच्या मध्याशी उभे राहून जवळचा काठ धरायचा, गुडघे वाकवून होडी आधी मांड्यांवर घ्यायची, एक हात पलीकडच्या काठावर न्यायचा आणि गुडघ्याचा हलका धक्का देत ती उलटी फिरवून डोक्यावरून खांद्यांवर आणायची. मधोमध बसवलेली, मानेसाठी खाच असलेली आडवी पट्टी खांद्यांवर टेकली की पुढचे व मागचे वजन आपोआप तोलले जाते. या सगळ्यात दंडांपेक्षा मांड्यांचे बळ आणि वेळ साधणे अधिक कामी येते. जिला ते एकटीने जमत नाही तिच्यासाठी दुसरी स्त्री होडीचे टोक उंच धरून उभी राहते आणि पहिली त्याखाली शिरून पट्टी खांद्यावर घेते. पुरुष सोबत असताना ही होडी बहुधा तोच उचलतो, तेही चांगल्या हेतूने, आणि त्यामुळेच वर्षानुवर्षे तलावांवर जाणाऱ्या अनेक स्त्रियांना होडी उचलण्याची ही युक्ती कधी कोणी दाखवलेलीच नसते.

बसण्याच्या जागेचेही तसेच आहे. कनूमध्ये पुढे बसणारी व्यक्ती वेग देते आणि पाण्याखालचे खडक पाहते, तर मागे बसणारी दिशा सांभाळते. वल्ह्याचा फटका संपताना पाते किंचित बाहेर वळवून होडी सरळ ठेवण्याचे कसब तिला अवगत असावे लागते. जोडप्याच्या होडीत मागची जागा पुरुषाची, ही रूढी इतकी मुरलेली आहे की तिची चर्चाही होत नाही. स्त्रियांच्याच गटात मात्र कोणाला तरी मागे बसावेच लागते. पहिले काही तास होडी नागमोडी जाते, वाऱ्याने भरकटते, आणि मग हळूहळू सरळ चालू लागते. उन्हाळी वादळ येताना दिसले तर पाणी सोडून काठ गाठायचा की पुढच्या मुक्कामापर्यंत होडी जाऊ द्यायची, हा निर्णयही त्याच हातांना घ्यावा लागतो, आणि तेथे चुकीची किंमत मोठी असते, कारण थंड पाणी आणि वीज ही या प्रदेशातली खरी संकटे आहेत.

याच तलावांवर डोरोथी मोल्टर नावाची परिचारिका 1930 च्या दशकापासून 1986 मध्ये मृत्यू येईपर्यंत नाइफ लेकमधील बेटांवर राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ती रूट बिअर, म्हणजे मुळांच्या स्वादाचे गोड, फसफसणारे, मद्यविरहित पेय तयार करीत असे. हिवाळ्यात तलावातून कापून साठवलेल्या बर्फावर ते थंड केले जाई. वन्यक्षेत्राचा कायदा झाल्यावर सरकारला तिचे घर तेथे नको होते. लोकांनी तिची बाजू घेतली आणि तिला हयातभर राहण्याची मुभा मिळाली. 1952 मध्ये एका लोकप्रिय नियतकालिकाने तिला अमेरिकेतील सर्वांत एकाकी स्त्री ठरवले होते, जरी दर उन्हाळ्यात हजारो लोक तिच्या दारी येत असत. एखाद्या स्त्रीला अपवाद ठरवले की तिचे कौतुक होते, परंतु इतर स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टी बदलत नाही. रानात वावरणे हे शिकता येण्याजोगे साधे कसब आहे, हे या शिबिरांनी प्रत्यक्ष दाखवले, आणि म्हणून मोल्टरच्या दंतकथेपेक्षा शिबिरांचे काम अधिक दूरगामी ठरते.

निर्मनुष्य रान ही कल्पनाही तपासून पाहायला हवी. हा प्रदेश ओजिब्वे या आदिवासी समाजाचा आहे. 1854 च्या तहाने त्यांची जमीन अमेरिकन सरकारकडे गेली, परंतु शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करण्याचे हक्क त्यांनी राखून ठेवले. शहरी स्त्रिया जी कनू शिकायला येतात तिचा मूळ नमुना भूर्जाच्या सालीचा होता; साल स्प्रूस वृक्षाच्या मुळांनी शिवण्याचे आणि सांधे राळेने बुजवण्याचे काम परंपरेने ओजिब्वे स्त्रिया करीत. पाण्यात उगवणारे रानतांदळाचे पीक होडीत बसून काठ्यांनी झोडण्याचे कामही मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडेच असे. रिट्रीटला येणाऱ्या गटांना हा इतिहास सांगितला गेला नाही, तर स्त्रिया या पाण्यावर प्रथमच उतरत आहेत असा खोटा समज रुजतो.

खर्चाची आणि रजेची अडचण तर आहेच. आठवडाभर घर सोडून जाणे ज्या स्त्रीला शक्य होते तिच्यामागे बहुधा पैसा असतो किंवा मुलांना सांभाळणारे कोणीतरी असते. अशा शिबिरांवरचा हा आक्षेप खरा आहे आणि तो पूर्णपणे निकालात निघालेला नाही. वुड्सविमेनचे काम 1999 मध्ये थांबले. मिटन पुढे ॲरिझोनातील प्रेस्कॉट कॉलेजमध्ये साहसशिक्षण हा विषय शिकवू लागल्या, आणि नकाराचा अधिकार व गटाने मिळून निर्णय घेण्याची रीत त्यांच्या अध्यापनातून पुरुष-स्त्रिया मिळून जाणाऱ्या सहलींच्या मार्गदर्शकांपर्यंतही पोहोचली.